डिकसळचा पूल : रुळांनी सोडलेली वाट

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असले की डोंगर चढणं होत नाही. अशा वेळी उजनीच्या काठाची वाट धरावी. करमाळा तालुक्यातील कोंढार चिंचोली आणि पलीकडचं इंदापूर तालुक्यातलं डिकसळ यांच्यामध्ये भीमेवर दगडी कमानींचा एक जुना पूल आहे. त्या पुलाकडे नेणाऱ्या वाटेवर दम लागत नाही, कारण ती मुळात आगगाडीची वाट आहे. इंजिनाला चढ सोसत नाही. बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट चढ द्यावा लागला, तर किती कष्ट पडले! इथे मात्र सपाट माळ होता. खोलगट जागी भराव घालून रूळ टाकले गेले.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी पुण्याहून डिकसळपर्यंत आली ती 1858 साली. पुढे रूळच नव्हते. सोलापूरकडे जायचं तर इथे उतरून बैलगाडी करावी लागे. 1859 मध्ये गाडी भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला गेली आणि 1860 मध्ये सोलापूरला पोचली. पुढे गिरण्यांचं शहर म्हणून सोलापूर वाढलं, त्यात या रुळांचा वाटा मोठा.

शतकभरानंतर नदीचंच रूप पालटलं. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. पाणी चढणार म्हणून लोहमार्ग वरच्या अंगाने हलवला गेला. पण केवळ रूळच हलले नाहीत. केत्तूरसारखी गावं उठली, काळी कसदार जमीन पाण्याखाली गेली. ज्या पाण्याने जिल्ह्यात ऊस पिकतो, त्या पाण्याची किंमत या माणसांनी मोजली. रुळांनी सोडलेला पूलच मग त्यांच्या कामी आला. दवाखाना, बाजार, भिगवणचं स्टेशन, सगळं या पुलावरून.

दीडशे वर्षांहून जुना हा पूल उसाच्या गाड्यांनी थकला. 2023 साली त्याचा काही भाग खचला. तेव्हा काठाकाठानेच चालावं, पूल लांबून पाहावा. हिवाळ्यात सकाळी गेलात तर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतील, पट्टकदंब दिसतील. मुलं पक्षी मोजतील. त्यांना पाण्याखालच्या गावांबद्दलही सांगा. बरोबर काठावरचं एखादं वडीलधारं माणूस असेल, तर आपलं शेत कुठे होतं ते बोटाने दाखवील.

वाहनांसाठी दुसरा भक्कम पूल हवाच. पण तो झाल्यावर जुना मोडीत काढू नये. डागडुजी करून तो पायी चालणाऱ्यांसाठी राखावा. गाव गमावलेल्यांना जुन्या दिवसांची एवढी तरी खूण उरू द्यावी.