अकरा टक्के

1896 साली सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव अजून वणी होतं. यवतमाळ हे नाव 1905 सालचं. विलायती कापडावरची जकात लँकेशायरच्या दबावाखाली 1882 सालीच उठवली होती. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून 1894 मध्ये पाच टक्के पुन्हा बसवली. मँचेस्टरचे गिरणीवाले खवळले. मग आयात कापडाची जकात साडेतीनवर आणली आणि देशी गिरणीच्या कापडालाही तेवढाच कर लावला. मी या कराला अन्यायच म्हणतो. गिरणीला तो भरावा लागला की ती कापसात हात आखडता घेते, दलाल अडत्याला दाबतो, आणि अडत्याच्या समोर तर कास्तकारच उभा असतो.

आमचे वडील दारव्ह्याला गाडी घेऊन जायचे तेव्हा मी सोबत असायचो. अडत्या गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस काढायचा. पुंजका दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचा, सरकी दाताखाली धरून ओल तपासायचा आणि भाव बोलायचा. वडील विचारायचे, "मुंबईत काय हाय?" तो प्रश्न किती जुना आहे, हे मला पुढे शाळेत इतिहास शिकवताना उमगलं.

1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर वऱ्हाडच्या आखूड धाग्याला लिव्हरपूलपेक्षा युरोपातल्या इतर गिरण्यांत, अगदी इटलीतही, जास्त गिऱ्हाईक मिळालं. पुढे तो जपानलाही जाऊ लागला. गाठी बंदराकडे नेण्यासाठीच यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रेल्वे आली, जिला आपण शकुंतला म्हणतो. कारंजा, दारव्हा, लाडखेड अशी ती कापसाच्या गावांवरून जायची.

1917 मध्ये आयात कापडाची जकात साडेसात टक्के झाली, 1921 मध्ये अकरा. देशी कापडावरचे साडेतीन मात्र तसेच राहिले. 1925 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली आणि कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने अबकारी स्थगित केली, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. तीस वर्षांचा हा कर उठला तो कामगारांनी चुली विझवून घेतल्यावर. शाळेच्या पुस्तकात याला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी आली. राज्याबाहेर कापूस विकायची बंदी होती आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादचा बाजार होता. तिकडे भाव चढला की नदीकाठच्या गावांना झोप लागत नसे. आपल्याच शेतातला माल नदीपार न्यायला मनाई म्हणजे नाव वेगळं असलं तरी नाकाच तो. शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध आवाज उठवला, तो योग्यच होता.

2021 च्या अर्थसंकल्पात कच्च्या कापसाच्या आयातीवर उपकर धरून अकरा टक्के शुल्क लागलं. बरोबर शंभर वर्षांनी तोच आकडा, फक्त या वेळी कापडावर नाही, रुईवर. आणि या वेळी फायदा आमचा होता. पण भाव चढताच एप्रिल 2022 मध्ये ते माफ झालं. गिरण्यांना सूत महाग पडत होतं, हे कारण खरंच होतं. 19 ऑगस्ट 2025 ला पुन्हा माफी आली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता.

तारखा नीट बघा. आमच्याकडे दसऱ्याच्या आगेमागे शेतात सीतादहीची पूजा करून वेचा सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत दोन-तीन वेचे घरात येतात. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज, मजुरांचे चुकारे सगळे तेव्हाच दारात उभे असतात, म्हणून लहान कास्तकार आपला कापूस त्याच महिन्यांत विकून मोकळा होतो. जानेवारीत जकात परत लागली तरी त्याच्या घरात विकायला उरलेलं असतं ते फरदडीचं चार-दोन किलो.