मिरजेचे तंतुवाद्यकार आणि मुलाखतीचे साधन

कारागिराच्या दुकानी मुलाखतीस गेलेल्या विद्यार्थी-गटाच्या हाती सर्वांत आधी लागते ती उगमकथा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तर ती न विचारताही मिळते. इ. स. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाचे शिकलगार मिरजेत शस्त्रांना धार लावण्याचे काम करीत. पेशवाई बुडाल्यानंतर शस्त्रांचे काम आटत गेले. कोणा गवयाचे वाद्य दुरुस्तीस आले, ते त्यांनी नीट करून दिले आणि पुढे स्वतः नवे घडविले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय लाभला. तपशिलात थोडाफार फरक पडतो, सांगाडा बदलत नाही. अभ्यासकाने सावध व्हावयाचे ते येथेच. पाच घरी एकच कथा मिळाली म्हणजे पाच पुरावे मिळाले असे होत नाही. एकच पुरावा पाच वेळा ऐकला, इतकेच.

ही कथा खोटी आहे असा याचा अर्थ नव्हे. धार आणि झिलई यांची सवय असलेला हात कानशीच्या नाजूक कामाकडे वळावा, यात अशक्य असे काही नाही. परंतु त्या कथेभोवती इतर काळांचे थर साचलेले आहेत. ‘सतारमेकर’ हे आडनावच पाहावे. त्यातील ‘मेकर’ हा शब्द दुकानांच्या पाट्यांतून व पत्रव्यवहारातून इंग्रजी रुळल्यानंतरचा असला पाहिजे. म्हणजे शिकलगाराचा सतारमेकर होण्याची क्रिया धंद्याच्या जन्माबरोबर पूर्ण झालेली नाही. आडनाव केव्हा बदलले, कोणत्या शाखांनी ते घेतले आणि कोणी शिकलगार हेच नाव ठेवले, हा प्रश्न उगमकथेहून कितीतरी फलदायी आहे. शिवाय २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. स्थानाच्या परंपरेला त्यामुळे बाजारात मोल आले. सांगणाऱ्याचा हितसंबंध जडला की साधनाची पारख वेगळ्या रीतीने करावी लागते; जुन्या बखरींच्या बाबतीत जो नियम आपण पाळतो, तोच येथेही लागू आहे.

मग विचारावे काय? भोपळ्याविषयी विचारावे. तंबोऱ्याचा भोपळा मिरजेस पिकत नाही; तो मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. हा खाण्याचा भोपळा नव्हे, कडू जातीचा. वेलावर त्यास आकार येऊ द्यावयाचा, पूर्ण पक्व झाल्यावर वाळवावयाचा, आणि तडा न जाता तो कारखान्यापर्यंत पोहोचवावयाचा, अशी ही दीर्घ साखळी आहे. शेतकऱ्यास पैसे केव्हा मिळत, आगाऊ कोण देई, दुष्काळात भोपळा कोठून येई, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही घराण्याच्या गौरवकथेत बसत नाहीत. म्हणूनच ती घोटून तयार झालेली नसतात. सांगणारा थांबतो, आठवतो, शेजाऱ्यास हाक मारून विचारतो. इतिहासाला उपयोगी असे कथन येथून सुरू होते. दांडीसाठी व तबलीसाठी लागणाऱ्या तुणीच्या लाकडाविषयीही असेच विचारता येईल.

जवारीपाशी मात्र प्रश्नावली निरुपयोगी ठरते. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानशीने असा घासावयाचा की कंप पावणारी तार त्यास ओझरती स्पर्श करीत राहील आणि नाद पसरेल. मग तार व घोडी यांमध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधावयाची. ‘झाले हे कसे कळते?’ असे विचारल्यास कारागीर बहुधा तार छेडून दाखवितो. मुलाखतीच्या टिपणात त्या जागी रिकामी ओळ राहते. सबब गटातील एकाने प्रश्न विचारावेत, दुसऱ्याने हातांच्या हालचाली टिपाव्यात आणि निदान एकाला तरी तंबोरा जुळविता यावा. स्वर न कळणाऱ्या चौघांनी जवारीवर घेतलेली मुलाखत कितीही लांबली तरी तिचा उपयोग थोडाच. आणि ती काम चालू असताना घ्यावी; पाहुणचाराच्या चहावर घेतलेल्या मुलाखतीत पुन्हा फरीदसाहेबच येतात.

ग्राहकांचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये बाहेर पडले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. १९३७ मध्ये निधनानंतर त्यांचे दफन येथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. दरबारातून शाळेत आणि शाळेतून मध्यमवर्गीय घरात संगीत शिरले, हे विधान ग्रंथांत वारंवार येते. त्याची प्रत्यक्ष पडताळणी जर कोठे होणार असेल तर ती दुकानांच्या मागणीवह्यांत. खालच्या पट्टीसाठी मोठा मर्दानी तंबोरा, वरच्या पट्टीसाठी लहान जनानी, असा भेद कारागीर करतात. विसाव्या शतकात स्त्रिया उघडपणे गाऊ लागल्या, गायनवर्गांत मुलींची संख्या वाढली. तेव्हा जनानी तंबोऱ्यांचे प्रमाण कोणत्या दशकात बदलले? शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. त्यानंतर नवीन वाद्यांची मागणी घटली, की केवळ शिकाऊ गिऱ्हाइकांची?

अशा वह्या कोणी जपून ठेवल्या असतील असे गृहीत धरता येत नाही. त्या दिसल्यास नेऊ नयेत. तेथेच बसून उतराव्यात, आणि उताऱ्याची एक प्रत दुकानी द्यावी. वही न मिळाल्यास दुरुस्तीस आलेली जुनी वाद्ये पाहावीत. भोपळ्याचा घेर, बदललेल्या खुंट्या, कोठे हस्तिदंत काढून बसविलेले हाड, यांची मापासह नोंद घ्यावी आणि मगच त्या वाद्याविषयी कारागिरास बोलते करावे.