आईच्या रक्तांतील वैर

पांचवीच्या रात्रीं सटवी येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें नशीब लिहिते, असा आपल्याकडील जुना समज आहे. पहिलें मूल धडधाकट आणि पुढलीं मात्र जन्मतांच पिवळीं पडून दगावलेलीं, असें झालें कीं, १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यांत असलेल्या सेलूंत काय किंवा मुंबई-पुण्यांत काय, बोल त्या बाईलाच लागे. नवऱ्याच्या रक्ताचा विचार कोणाच्या मनांत येणार!

पहिला धागा १९३९ सालीं न्यूयॉर्कमध्यें हातीं लागला. एका स्त्रीचें मूल पोटांतच गेलें व तिला पतीचें रक्त देण्यांत आलें. दोघांचाही गट 'ओ'. शंकेला जागाच नव्हती. तरीही ती थंडीनें कुडकुडूं लागली. फिलिप लेव्हाइन व रूफस स्टेटसन यांनीं 'ओ' गटाचे १०४ नमुने तिच्या रक्तरसाशीं ताडून पाहिले. ८० नमुन्यांत गुठळ्या झाल्या. गर्भाला पित्याकडून मिळालेला कोणता तरी गुण आईच्या शरीराला परका वाटला आणि त्यानें प्रतिद्रव्य निर्मिलें, असा त्यांनीं तर्क केला. पुढच्याच वर्षीं लँडस्टायनर व वायनर यांनीं ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरून त्या गुणाला नांव दिलें, आणि १९४१ मध्यें लेव्हाइननें अर्भकांच्या घातक काविळीशीं त्याचा संबंध जोडला.

पहिलें मूल बहुधा कां वांचतें, तेंही यावरून उमगतें. प्रसूतीच्या वेळीं बाळाचें थोडें रक्त आईच्या रक्तांत मिसळतें. प्रतिद्रव्य त्यानंतर तयार होतें व पुढच्या गर्भाच्या तांबड्या पेशी फोडतें. रोगांपासून बाळाचें रक्षण व्हावें म्हणून आईकडून वारेंतून जें द्रव्य जावयाचें, तेंच येथें उलटतें.

मुंबईनें या शास्त्रांत भर घातली ती १९५२ सालीं. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'ओ' भासणारें, पण 'ओ'चेंही रक्त न सोसणारें रक्त शोधून काढलें. हा 'बॉम्बे' गट जगभर त्याच नांवानें प्रसिद्ध आहे. अशा बाळंतिणीला रक्त लागलें, तर दाता त्याच गटाचा गांठावा लागतो.

ऱ्हीससवरील उपाय लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं काढला : तेंच प्रतिद्रव्य प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आंत आईस टोचावयाचें, म्हणजे तिचें शरीर स्वतः तें बनवीत नाहीं. १९६८ पासून तें अमेरिकेंत मिळूं लागलें. भारतांत ऱ्हीसस-निगेटिव्ह माणसें शेंकडा सुमारें पांच. मात्र एकदां प्रतिद्रव्य तयार झालें कीं तें इंजेक्शन व्यर्थ. म्हणून रक्तगट पहिल्याच गरोदरपणांत तपासतात.