पहिला कॅमेरा कोणी दिला?

सँट्रीच्या उत्तरेला, डब्लिन विमानतळाच्या कुंपणाला लागून ओल्ड एअरपोर्ट रोड जातो. रविवारी हवा जरा बरी असली की तिथे एक वेगळीच मंडळी जमते. कुंपण आड येऊ नये म्हणून कोणी घरून छोटी शिडी आणलेली असते, कोणी गाडीच्या बॉनेटला टेकून उभा असतो, आणि प्रत्येकाच्या गळ्यात दुधी भोपळ्याएवढी लेन्स. विमान उतरायला लागलं की गप्पा थांबतात. चाकं धावपट्टीला टेकून धुराचा फुगारा निघेपर्यंत फक्त शटरचा आवाज.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मला हे सगळं गमतीचं वाटायचं. एकदा शिडीवरच्या एका आजोबांना मी विचारलं, "तुम्हाला हा नाद लागला कसा?" मला वाटलं, विमानांबद्दल काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "माझ्या काकानं वाढदिवसाला कॅमेरा दिला. इथे आसपास विमानं सोडून बघण्यासारखं दुसरं काय होतं?"

परत येताना डोक्यात ते उत्तरच घोळत होतं. कारण माझं उत्तरही तेच होतं, फक्त काकाच्या जागी मामा.

नाशिकला मामाकडे आग्फा क्लिक थ्री होता. साधा डब्यासारखा कॅमेरा, रोलमध्ये बारा फोटो. मागे लाल काचेची बारकी खिडकी असायची, तिच्यात आकडा दिसेपर्यंत रोल फिरवायचा. मी अकरा वर्षांचा असताना एका उन्हाळ्याच्या सुटीत मामाने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "बारा आहेत. विचार करून दाब." मी बाराही संपवले आणि त्यातले आठ हलले. उरलेल्या चारांत अंगणात गहू निवडत बसलेली आजी आहे. तिचा एकटीचा असा तो एकच फोटो आज आमच्याकडे आहे.

पुढे छायाचित्रणाचा इतिहास हौसेनं वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की या छंदाची सुरुवात कॅमेऱ्यापासून क्वचितच होते. ती होते कॅमेरा देणाऱ्यापासून. आणि गंमत म्हणजे, ज्या शहरातून आपली निम्मी मंडळी निघाली आणि ज्या शहरात मी आज राहतो, त्या दोन्हींत ही सुरुवात एकाच वर्षी झाली.

ते वर्ष १८५४. त्या वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि त्याच वर्षी इथे डब्लिन फोटोग्राफिक सोसायटी. लंडनची संस्था त्याच्या आदल्याच वर्षी निघाली होती. म्हणजे हा छंद लंडनहून निघून पन्नास वर्षांनी आपल्याकडे पोचला, असं नाही. मुंबई आणि डब्लिन या छंदात बरोबरीच्या आहेत.

आता त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं, ते डोळ्यांसमोर आणा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट लेप पसरायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि लेप वाळायच्या आत अंधारात धुऊन चित्र उमटवायचं. सगळा खेळ काही मिनिटांचा. मुंबईच्या उन्हाळ्यात ही काही मिनिटं किती लवकर सरत असतील, ते वेगळं सांगायला नको. बोटं काळी पडायची, कपड्यांवर डाग पडायचे, ईथरचा वास घरभर.

हे करणार कोण? ज्याला रसायनांची भीती नाही तो. मुंबईच्या सोसायटीच्या सुरुवातीच्या हिंदी सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोव्यातल्या मांद्र्याचा मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ सालच्या पहिल्या तुकडीचा डॉक्टर, आणि पुढे शिलालेख नि जुनी नाणी वाचणारा संशोधक. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे, ते पाहिलेलं असतं. पण त्यांचा फोटोग्राफीशी संबंध होता, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी याच कॉलेजात शिकले आणि या छंदात थोरल्याच्याही पुढे गेले. सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं मांडली गेली.

दोघेही डॉक्टर, हा योगायोग नसावा. कोलोडियन त्या काळी जखमेवर लावायला वापरत आणि सिल्व्हर नायट्रेट औषधांच्या कपाटात असायचंच. इतरांना जी जादू वाटायची, ती डॉक्टरांच्या हाताखालचीच सामग्री होती. फक्त ती काचेवर पसरून पाहा, असं सांगणारं कोणीतरी हवं होतं. सोसायटीच्या बैठकांत ते घडत असे. एकजण आपली चित्रं आणायचा, दुसरा कृती विचारायचा, तिसरा घरी जाऊन हात काळे करून घ्यायचा.

१८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. ज्याच्या घरी कॅमेरा घ्यायची ऐपत नाही, अशा मुलाच्या हातातही तिथे कॅमेरा येऊ शकत होता. त्या वर्गात शिकलेले हरिचंद चिंतामण पुढे मुंबईतल्या पहिल्या नामवंत हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले गेले. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईतून हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक अल्बम चालवला. त्यात खरे फोटो चिकटवलेले असत. आज आपण रोज फोटो पाठवतो, बघतो आणि विसरतो. तेव्हा महिन्याला तीन फोटो यायचे, आणि तेवढे पुरायचे.

इकडे आयर्लंडमध्ये या पहिल्या पिढीतलं सगळ्यांत लक्षात राहणारं नाव एका बाईचं आहे. बिरच्या किल्ल्यात राहणारी मेरी, काउंटेस ऑफ रॉस. तिचे पती विल्यम पार्सन्स यांनी १८४५ साली तिथे त्या काळची जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभी केली. घरात लोहारकाम चाललेलं, आरसे घासले जात होते, रसायनांच्या बाटल्या होत्या. मेरीने त्याच घरात अंधारखोली थाटली आणि दुर्बिणीचे, मुलांचे, घरच्या माणसांचे फोटो काढले. १८५४ साली तिच्या पतीने तिची चित्रं कागदी निगेटिव्हचा जनक फॉक्स टॅलबट याच्याकडे कौतुकाने पाठवली. १८५९ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ आयर्लंडने (डब्लिनच्या सोसायटीचं हेच नवं नाव) तिला रौप्यपदक दिलं. मेरीने बरीच मुलं लहानपणीच गमावली. मोठे झाले ते चार मुलगे. तिने काढलेल्या मुलांच्या फोटोंकडे हे माहीत असताना बघणं वेगळं असतं.

पण किल्ला आणि ग्रँट मेडिकल कॉलेज यांच्याबाहेरच्या माणसाचं काय? त्याच्यासाठी अजून तीस-चाळीस वर्षं जावी लागली. १८८८ मध्ये कोडॅकचा कॅमेरा आला. शंभर फोटोंचा रोल आतच भरलेला. तो संपला की कॅमेराच कारखान्याला पोस्टाने पाठवायचा. किंमत २५ डॉलर. मग १९०० साली ब्राउनी आला, एका डॉलरचा. आता रसायनं शिकवणारी सोसायटी लागत नव्हती. काका पुरत होता.

याचं आयर्लंडमधलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रान्सिस ब्राउन. १८९७ मध्ये शाळा संपवून हा सतरा वर्षांचा मुलगा युरोपच्या सहलीला निघाला, तेव्हा त्याच्या बिशप काकाने त्याला कॅमेरा दिला. मुलगा पुढे जेझुइट धर्मगुरू झाला, कॅमेरा सुटला नाही. १९१२ मध्ये त्याच काकाने दुसरी भेट दिली, एका नव्या जहाजाचं साउथॅम्प्टन ते क्वीन्सटाउन तिकीट. जहाजाचं नाव टायटॅनिक. प्रवासात एका श्रीमंत अमेरिकन जोडप्याशी त्याची ओळख झाली आणि त्यांनी न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च देऊ केला. ब्राउनने वरिष्ठांकडे तारेने परवानगी मागितली. उलट तार आली ती जहाजावरून उतर अशा हुकमाची. तो ११ एप्रिलला क्वीन्सटाउनला उतरला, कॅमेरा आणि काढलेले फोटो घेऊन. त्या जहाजावरच्या शेवटच्या दिवसांचं आपण जे काही बघतो, त्यातलं बरंचसं या माणसाच्या डोळ्यांनी बघतो.

मला मात्र त्याच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. टायटॅनिकच्या आधीची काही वर्षं तो डब्लिनच्या बेल्व्हेडिअर कॉलेजात शिकवत होता आणि तिथे त्याने मुलांसाठी कॅमेरा क्लब काढला. काकाने त्याला दिलं, त्याने वर्गाला दिलं. तो १९६० साली वारला. त्याची सुमारे ४२,००० निगेटिव्हं एका पेटीत पडून राहिली, ती १९८५ च्या सुमारास त्याच्याच पंथातल्या एका धर्मगुरूला सापडली.

आपल्याकडची कथाही फार वेगळी नाही. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकत होते. १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या नमुन्याला सुवर्णपदक मिळालं आणि ते पाहून खूश झालेल्या एका चाहत्याने त्यांना महागडा कॅमेरा भेट दिला. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोचं दुकान थाटलं. प्लेगने बायको आणि मूल नेलं. बडोद्याला परतून पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाचं बळ शोषून घेतो, अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना. तरी कॅमेऱ्यावरचा जीव उडाला नाही. सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस टिपली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या मुळाशी एका चाहत्याची भेट आहे, आणि त्या चाहत्याचं नाव आपल्यापैकी कोणाला माहीत नाही.

इथवर सगळं गोड आहे. पण देणाऱ्यांची ही यादी केली की न दिल्या गेलेल्यांची यादीही आपोआप तयार होते. मेरी रॉसकडे किल्ला होता आणि कौतुक करणारा नवरा. होमाई व्यारावाला यांना मुंबईत माणेकशा व्यारावाला यांनी कॅमेरा शिकवला, पुढे ते त्यांचे पती झाले. त्यांचे सुरुवातीचे फोटो मात्र माणेकशांच्या नावाने छापले गेले. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज आपण त्यांना ओळखतो, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण त्यांच्याही हातात कॅमेरा आला तो कोणीतरी दिला म्हणून. ज्या बायकांना असं कोणी भेटलं नाही, त्यांनी काय पाहिलं असतं, ते आता कळायचा मार्ग नाही.

हे मला सुचलं ते पुस्तक वाचून नाही. गेल्या उन्हाळ्यात आई नाशिकहून सँट्रीला आली होती, तीन महिन्यांसाठी. एका संध्याकाळी मी मुलीला आग्फाची गोष्ट सांगत होतो, मामाने कसा दिला, बारा फोटो वगैरे. आई भाजी निवडत ऐकत होती. मी सहज विचारलं, "आई, तू कधी काढलास गं त्या कॅमेऱ्यानं?"

"मला कोण देणार?" ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. "दादाचा कॅमेरा तो. मी फोटोत उभी राहायचे."

मामाने कॅमेरा अकरा वर्षांच्या भाच्याला दिला. पस्तिशीतली सख्खी बहीण तिथेच शेजारी उभी होती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला सुचलंच नाही. आणि खरं सांगायचं तर पुढची तीस वर्षं मलाही सुचलं नाही. आईचे शेकडो फोटो मी काढले. आईने काढलेला एकही आमच्या घरात नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं ओल्ड एअरपोर्ट रोडला गेलो. वारा नेहमीसारखा बोचरा. मुलीने माझा कॅमेरा आजीच्या गळ्यात अडकवला. "आजी, हे बटण. अर्धं दाबलं की आधी दिसतं नीट, मग पूर्ण दाब." आईने विचारलं, "किती काढायचे?" मुलगी म्हणाली, "कितीही काढ." मी म्हणालो, "बाराच." आई हसली.

शिडीवरच्या आजोबांनी तिला पुढे जागा करून दिली. दुबईचं विमान उतरलं, सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळले. घरी येऊन पाहिलं तर आईच्या बारांत विमान एकही नव्हतं. एकात शिडीवर आजोबा, एकात कुंपणापाशी वाऱ्याने लोळणारं गवत, एकात माझे बूट. बाकी सगळ्यांत तिची नात, विमानाकडे बघत असलेली. चार हलले होते.