गाडीचा व्यवहार : किंमत ठरवण्याआधी आणि सही करण्याआधी

गाडी विकली, पैसे हाती आले, किल्ली दिली. विकणाऱ्याच्या मते व्यवहार तेथेच संपला. कायद्याच्या मते मात्र तो संपलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निकालात हे स्पष्ट झाले. त्या प्रकरणातील मोटार २००७ मध्ये विकली गेली होती. पुढे ती अनेकांच्या हातांतून फिरली आणि २००९ मध्ये तिला जीवघेणा अपघात झाला. नोंदणी पुस्तकावर मात्र पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याचे नाव नोंदीत आहे त्याचीच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. ज्याने ती गाडी दीड-दोन वर्षांत पाहिलीही नव्हती, त्याच्या माथी भरपाईचा बोजा आला.

सार्वजनिक वाहतूक अपुरी असलेल्या गोव्यात चारचाकी ही आता चैन राहिलेली नाही. चवथीच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी गाडी दारात येते आणि जुनी गाडी ओळखीतल्या दलालामार्फत दुसऱ्या तालुक्यात जाते. या दोन्ही व्यवहारांत सर्वसामान्य ग्राहक समोरच्यापेक्षा कमी जाणता असतो. ही दरी कमी व्हावी म्हणून नव्या आणि जुन्या गाडीच्या खरेदीतील कळीचे मुद्दे येथे क्रमाने दिले आहेत.

नवी गाडी : एका आकड्यात दडलेले अनेक आकडे

विक्रेता सहसा ‘ऑन-रोड’ किंमत सांगतो. या एका आकड्यात एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी शुल्क, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी आणि सजावटीचे साहित्य असे सारे काही एकत्र असते. म्हणून पहिली मागणी एकच असावी : प्रत्येक बाब स्वतंत्र ओळीत लिहिलेले, शिक्का-सहीचे दरपत्रक. त्यातील रस्ता कर आणि नोंदणी शुल्क सरकारजमा होते व त्याची पावती मिळते. त्यात घासाघीस नाही. उरलेल्या जवळपास प्रत्येक ओळीवर बोलता येते.

‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ अशा नावाने काही हजारांची ओळ दिसल्यास तिचा आधार विचारावा. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. तो पुन्हा वेगळा मागितला जात असेल, तर लेखी खुलासा मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. अनेकदा अशी विचारणा होताच ती ओळ दरपत्रकातून नाहीशी होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले आहेत. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल अथवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के, त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींवर ५ टक्के कर आहे. पूर्वीचा उपकर मोटारींवरून उठला आहे. एक्स-शोरूम किंमत १० लाख रुपयांहून अधिक असेल, तर १ टक्का रक्कम उगमस्थानी संकलित कर म्हणून घेतली जाते. हा वाढीव खर्च नव्हे. आयकर विवरणपत्र भरताना ही रक्कम वळती करून घेता येते. त्यासाठी नोंदणीवेळी पॅन क्रमांक अचूक द्यावा आणि प्रमाणपत्र मागून घ्यावे.

विम्याबाबतही निवड ग्राहकाची आहे. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे, अशी सक्ती विक्रेत्याला करता येत नाही. नव्या खासगी मोटारीसाठी तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकारने ठरवून दिलेला असल्याने तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. त्यामुळे दोन-तीन कंपन्यांचे दर आधी घेऊन ठेवले, तर शोरूमचा आकडा पारखता येतो. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी इंजिनसंरक्षणाचे कलम पॉलिसीत आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

जुनी गाडी देऊन नवी घेताना हिशेब सर्वाधिक फसवा होतो. जुन्या गाडीला चांगला भाव दिल्याचे दाखवायचे आणि नव्या गाडीवरील सूट तेवढीच कमी करायची, ही परिचित पद्धत आहे. म्हणून नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीचा भाव, कर्ज आणि विमा या चार गोष्टींची बोलणी स्वतंत्रपणे आणि याच क्रमाने करावी.

गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली?

डिसेंबरात मोठी सूट मिळते, ती उगाच नव्हे. जानेवारी उजाडताच तीच गाडी कागदोपत्री एक वर्षाने जुनी होते आणि पुढे विकताना तेवढा भाव कमी येतो. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, उत्पादनाचा महिना व वर्ष नोंदलेले असते. पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी आणि नोंदणी होण्यापूर्वी चॅसी क्रमांक मागून ही नोंद तपासावी. गाडी दहा-बारा वर्षे वापरायची असेल, तर वर्षअखेरची सूट फायद्याची ठरते. तीन-चार वर्षांत विकायची असेल, तर सूट आणि पुढची घट यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा.

टायरच्या कडेवर चार अंकांचा कोरीव आकडा असतो. ‘२३२५’ असे असेल, तर तो टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. नव्या म्हणून दिलेल्या गाडीचे टायर वर्षभर जुने असतील, तर ती गाडी दीर्घकाळ आवारात उभी होती, अशी शंका घ्यायला जागा आहे.

व्याजाचा ‘फ्लॅट’ दर

कर्जाचा दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवरील, हा प्रश्न न विचारणाऱ्याचे किती नुकसान होते, ते उदाहरणाने पाहू. ६ लाख रुपये पाच वर्षांसाठी घेतले आणि व्याजदर घटत्या शिलकीवर १० टक्के असला, तर मासिक हप्ता सुमारे १२,७५० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ६५ हजार रुपये होते. तेच १० टक्के ‘फ्लॅट’ असले, तर व्याज ३ लाख आणि हप्ता १५,००० रुपये. म्हणजे ‘१० टक्के फ्लॅट’ हा प्रत्यक्षात १७ टक्क्यांहून अधिक दर झाला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना करताना हाच आकडा पाहावा.

जुनी गाडी : भाव कोठून ठरवावा?

विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीवरून बोलणी सुरू केली, की ग्राहक आधीच मागे पडतो. सुरुवातीचा आधार म्हणून विम्यातील घसाऱ्याचे प्रचलित कोष्टक उपयोगी पडते. त्या मॉडेलच्या नव्या गाडीच्या आजच्या किमतीतून एक ते दोन वर्षे वयाला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाच वर्षांना ५० टक्के घट धरतात. नवी गाडी १० लाखांची असेल, तर साडेचार वर्षे वयाच्या गाडीचे हे मूल्य ५ लाख होते. बाजारभाव याहून वर किंवा खाली असू शकतो. पण तो का वेगळा आहे, हे सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. येथे ‘आजची किंमत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. करकपातीनंतर नवी गाडी स्वस्त झाली असेल, तर मालकाने पूर्वी मोजलेल्या पैशांच्या आधारे जुन्या गाडीचा भाव मागणे योग्य नव्हे.

नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून गाडी घेताना त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर लागतो, संपूर्ण किमतीवर नव्हे. त्याने ४ लाखांना घेतलेली गाडी ४ लाख ६० हजारांना विकली, तर कर ६० हजारांवर, म्हणजे १०,८०० रुपये होतो. एखाद्या व्यक्तीने आपली खासगी गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली, तर हा कर लागत नाही.

गोव्यात विशेष पाहावे असे

खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे येथील गाड्यांचा पहिला शत्रू गंज. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीतील स्टेपनीखालचा खड्डा आणि पायघड्यांखालचा पत्रा पाहावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्यावर चिखलाची रेघ असेल, तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते. शक्य असल्यास गाडी उचलून खालची बाजू आपल्या विश्वासातल्या मेस्त्रीला दाखवावी. त्याची मजुरी ही या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा होय.

दुसरी बाब भाड्याच्या गाड्यांची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या, पर्यटकांना स्वतः चालवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मोटारी काही वर्षांनी खासगी नोंदणीत बदलून विकल्या जाऊ शकतात. त्यात बेकायदा काही नाही. मात्र शेकडो अनोळखी हातांनी चालवलेली गाडी आणि एका कुटुंबाने वापरलेली गाडी यांचा भाव एक असू शकत नाही. जुनी विमा पॉलिसी आणि सर्व्हिसचा इतिहास मागितला, की पूर्वीचा वापर कळतो. त्यावरूनच मीटरचीही पडताळणी होते. मीटर ३० हजार किलोमीटर दाखवत असेल आणि पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे आवरण झिजलेले असेल, तर मीटर मागे फिरवल्याची शक्यता गृहीत धरावी.

तिसरी बाब सीमेपलीकडच्या गाड्यांची. सिंधुदुर्गातील एमएच-०७ किंवा बेळगावातील केए-२२ पाटीची गाडी स्वस्त वाटते. परंतु ती कायमची गोव्यात ठेवायची, तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. येथे कर नव्याने भरावा लागतो आणि आधी भरलेल्या कराच्या परताव्यासाठी त्या राज्यात अर्ज करावा लागतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तेथे पुनर्नोंदणी आवश्यक आहे. हा सारा खर्च किमतीत मिळवल्यावरही गाडी स्वस्त पडते का, हे पाहावे. दिल्ली परिसरातून येणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांबाबत अधिक सावध राहावे. तेथे जुन्या गाड्यांवर निर्बंध असल्याने त्या कमी भावात बाहेर काढल्या जातात.

कागद : विकणारा आणि घेणारा, दोघांसाठी

पैसे देण्यापूर्वी ‘वाहन’ पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडी क्रमांक घालून मालकाची नोंद, कर्जाचा बोजा, विमा आणि प्रलंबित चलने तपासावीत. चॅसीवर कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः जुळवून पाहावा. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

हस्तांतराचे मुख्य कागद दोन : नमुना २९ ही विक्रीची सूचना आणि नमुना ३० हा हस्तांतराचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. आपल्याकडे मात्र हे नमुने कोरेच सही करून दलालाच्या हाती देण्याची रूढी आहे. लेखाच्या आरंभी दिलेले प्रकरण जेथे पोहोचले, तेथे अशा रूढीने कोणीही पोहोचू शकतो. कोऱ्या नमुन्यावर सही करू नये. गाडी देताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेली ताबा-पावती दोघांच्या सहीने करावी व दोघांनी एकेक प्रत ठेवावी. फास्टॅग बंद करावा. पोर्टलवर आपले नाव निघाले का, हे महिन्याभराने पाहावे. तोवर निश्चिंत होऊ नये.

गाडी व्यापाऱ्याला विकत असल्यास, १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याची स्वतंत्र व्यवस्था लागू आहे. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर नोंदली गेली, की पुढची जबाबदारी त्याची. म्हणून व्यापाऱ्याकडे हे अधिकारपत्र आहे का, हा विकणाऱ्याचा पहिला प्रश्न असावा.

विम्याबाबत घेणारा हमखास गाफील राहतो. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्यानुसार नव्या मालकाकडे आपोआप येते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलून घ्यावे लागते. तसे न केल्यास अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च खिशातून करावा लागतो. नो-क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो विकणाऱ्याने आपल्या पुढच्या गाडीसाठी प्रमाणपत्र घेऊन जपावा.

फसवणूक झालीच तर

व्यापारी किंवा शोरूमविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथे निराकरण न झाल्यास उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. व्यवहाराची रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास हा आयोग तक्रार ऐकतो, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र एका खासगी व्यक्तीने दुसरीला केलेल्या विक्रीत हा मार्ग सहसा खुला नसतो. तेथे दिवाणी दावा किंवा फसवणुकीची पोलीस तक्रार हेच उरते. म्हणूनच ओळखीतल्या माणसाकडून गाडी घेताना ‘आपलाच माणूस’ म्हणून कागद सोडून देऊ नयेत. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी, दरपत्रक, पावत्या आणि संदेश जपून ठेवावेत. वाद उभा राहिलाच, तर तोंडी दिलेल्या आश्वासनापेक्षा हे कागदच अधिक बोलतात.