तेल धुताना

जुलै २००८. कॅलिफोर्नियात डिझेल गॅलनमागे पाच डॉलरच्या आसपास पोचलं होतं, आणि इकडे सनीव्हेलला आमच्या गॅरेजमध्ये वीस गॅलन मठ्ठा पडून होता.

मठ्ठा म्हणजे खरा नव्हे, पण दिसायला हुबेहूब. पांढरट-पिवळा, दाट, ढवळला की काठीला चिकटणारा. खरं तर तिथे वर सोनेरी बायोडिझेल आणि खाली गढूळ पाणी असे दोन थर दिसायला हवे होते. माझ्या एका नाशिककर मित्राने १९८२ सालची डिझेल मर्सिडीज घेतली होती. गाडी त्याची, गॅरेज माझं आणि तळणाचं जुनं तेल एका देशी रेस्टॉरंटचं, अशी आमची भागीदारी. पहिल्या दोन खेपा झकास उतरल्या. तिसरी धुवायला घेतली आणि तिचा हा मठ्ठा झाला. तीन दिवस वाट पाहिली, पण पाणी काही वेगळं होईना. "हे ताक किती दिवस इथे राहणार आहे?" या बायकोच्या प्रश्नाला आम्हा दोन इंजिनियरांकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तेल कुणी धुतं का? धुतात. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला लटकलेली तीन मेदाम्लं. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तेल गरम ढवळलं, की ही तिघं ग्लिसरीनला सोडून मिथेनॉलचा हात धरतात. हेच बायोडिझेल. जड ग्लिसरीन तळाशी बसतं, ते काढून टाकायचं. पण वरच्या बायोडिझेलमध्ये उरलंसुरलं मिथेनॉल, कॉस्टिक, ग्लिसरीनचे कण आणि साबण राहतो. साबण कुठून आला? वारंवार तापवलेल्या तेलात काही मेदाम्लं आधीच सुटी झालेली असतात. त्यांची कॉस्टिकशी गाठ पडली की साबणच होणार. हा ऐवज इंजिनात जाऊ नये म्हणून पाणी घालायचं. पाणी हे सगळं पोटात घेऊन खाली बसतं, आणि ते नळीने काढून टाकायचं. असं तीन-चार वेळा. घरी दही घुसळलं की लोणी सुटून वर येतं. इथे उलटं, घुसळलं की सगळं एक होऊन बसतं.

हे धुणं मुळात आलं कुठून, याचा शोध मी त्या आठवड्यात घेतला, कारण गॅरेजमध्ये करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

१९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेलने स्वतः शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलं, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. प्रत्यक्षात ते इंजिन ऑटो कंपनीने मांडलं होतं, तेही फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून, आणि हे खुद्द डिझेलनेच १९१२ साली सांगून ठेवलं आहे. शिवाय ते निव्वळ घाण्याचं तेल होतं. त्यात मिथेनॉल नाही, कॉस्टिक नाही, त्यामुळे धुण्याचा प्रश्नच नाही. आपण ज्याला बायोडिझेल म्हणतो त्याचं पहिलं पेटंट ३१ ऑगस्ट १९३७ चं, बेल्जियमचं. ब्रसेल्स विद्यापीठातल्या शावान यांनी पाम तेलापासून ते केलं (पाम तेल अर्थातच बेल्जियन काँगोचं, साम्राज्यांचे उद्योग असेच चालायचे). १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रसेल्स ते लुव्हाँ या मार्गावर एक बस त्यावर चालवूनही पाहिली. मग युद्ध आलं.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या पायरीची. १९४०च्या दशकात अमेरिकेत याच रसायनावर पेटंटं घेतली गेली, पण घेणारे इंधनवाले नव्हते. ड्यूपाँटच्या ब्रॅडशॉ आणि म्यूली या दोघांना हवे होते साबण आणि ग्लिसरीन. युद्धकाळात स्फोटकांमुळे ग्लिसरीनला महत्त्व होतं, आणि साबणाच्या कढईतून ते काढणं हे किचकट काम. त्यापेक्षा आधी तेलाची मिथेनॉलशी क्रिया करा, ग्लिसरीन सरळ तळातून काढा आणि वर उरेल त्याचा साबण करा, अशी त्यांची युक्ती. त्यांनी एक अटही घातली होती: तेल स्वच्छ हवं, पूर्ण कोरडं हवं, आणि त्यात सुटं आम्ल जवळजवळ नको. म्हणजे आमच्या गॅरेजच्या मठ्ठ्याचं निदान साठ-पासष्ट वर्षांपूर्वी साबणवाल्यांनी लिहून ठेवलं होतं. पण ते आम्ही वाचलं मठ्ठा झाल्यावर.

सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि लोकांना वनस्पती तेल आठवलं. इलिनॉयमधल्या पिओरिया गावी अमेरिकी शेतीखात्याची एक प्रयोगशाळा आहे (युद्धकाळात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत इथेच बसली). तिथल्या फ्रीडमन, प्राइड आणि माउंट्स यांनी १९८४ साली जो लेख लिहिला, तो घरगुती मंडळींना पाठ असायला हवा: तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे सहा, साठ अंश सेल्सियस, एक तास. पुन्हा तीच अट, आम्ल नको आणि पाणी नको. पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी जॉशुआ टिकेलचं पुस्तक आलं आणि तळणाच्या तेलावर गाडी चालवणं हा गॅरेजमधला छंद झाला. आमच्या बे एरियात तर त्याचं पेवच फुटलं. 'गर्ल मार्क' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मारिया ॲलोव्हर्टने जुन्या विजेच्या गीझरच्या टाकीतून बायोडिझेलचं यंत्र कसं करायचं ते शिकवलं, आणि २००३ च्या डिसेंबरात बर्कलीला 'बायोफ्यूएल ओएसिस' नावाचा बायकांनी चालवलेला सहकारी पंप सुरू झाला. आमच्या टाकीचं मूळही तो गीझरच.

या छंदाने धुण्याची स्वतःची एक रीत उचलली, बुडबुड्यांची. आयडाहो विद्यापीठातल्या कामातून ती आली असं सांगतात. तळाशी पाणी, वर बायोडिझेल. माशांच्या टाकीतला हवेचा छोटा पंप घ्यायचा आणि त्याचा दगड तळाशी सोडायचा. प्रत्येक बुडबुडा पाण्याचा पातळ पापुद्रा अंगावर घेऊन वर चढतो, पृष्ठभागावर फुटतो आणि ते पाणी थेंबाथेंबाने खाली येताना तेल धुऊन आणतं. दहा-पंधरा डॉलरांचं यंत्र आणि वीज नगण्य. मला ही कल्पना इतकी आवडली की पहिल्या रात्री मी स्टूल टाकून नुसता बघत बसलो होतो.

पण तीत एक खोट आहे, आणि ती आम्हाला नडली. बुडबुडे फार हळुवार असतात. क्रिया अर्धवट झालेलं तेलही ते गोंजारून धुतात, आणि वरून सगळं ठीक दिसतं. आमच्या पहिल्या दोन खेपा तशाच सुटल्या असाव्यात. तिसऱ्या खेपेला मित्राने घाईत पंपाऐवजी ड्रिलला पंखा लावून ढवळलं, आणि बिंग फुटलं.

आम्ही अर्थातच आधी पाण्यावर संशय घेतला. शाळेत दुष्फेन आणि सुफेन पाणी असा धडा होता, आठवतोय? ज्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन. कॅल्शियम साबणाला धरतो आणि न विरघळणारा साका होतो. सनीव्हेलच्या काही भागांत हेच हेचीचं पाणी येतं. योसेमिटीतल्या त्या दरीवर धरण बांधू नये म्हणून जॉन म्यूर शेवटपर्यंत भांडला, पण धरण १९२३ साली झालं आणि पाणी १९३४ साली इकडे पोचलं. डोंगरातल्या बर्फाचं हे पाणी अगदी सुफेन. शहराच्या दुसऱ्या भागांत सांता क्लारा खोऱ्याच्या जलजिल्ह्याचं पाणी येतं, क्वचित विहिरींचंही, आणि ते बरंच जड असतं. मित्राला वाटलं, गुन्हेगार सापडला. आम्ही दुकानातून ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन आणले, एका बरणीत निम्मं बायोडिझेल, निम्मं ते पाणी घेऊन दहा सेकंद जोरात हलवलं. पुन्हा मठ्ठा! पाणी निर्दोष सुटलं.

मग उपाय. दोन बादल्या वेगळ्या काढून एकीत मीठ घातलं आणि ती गरम केली. साबणाच्या कारखान्यातही कढईत मीठ टाकूनच साबण वर आणतात, तीच युक्ती. तासाभरात थर सुटले. दुसरीत व्हिनेगर ओतलं. तिचे थर तर मिनिटांत सुटले, वर इतकं नितळ सोनं की मित्र नाचायचाच बाकी होता. पण व्हिनेगरने काय केलं? साबण फोडून पुन्हा मेदाम्ल केलं, आणि ते मेदाम्ल वरच्या इंधनातच विरघळून बसलं. म्हणजे घाण बाहेर गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. मी हे म्हटलं, तर "अरे, गाडीला थोडंच कळतंय?" असं उत्तर मिळालं. निम्मी खेप त्याने व्हिनेगरने 'बरी' केली आणि डब्यांत भरून घरी नेली.

उरलेल्या निम्म्यावर मी एक परीक्षा केली. मिथेनॉलचे नऊ भाग, त्यात बायोडिझेलचा एक भाग. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळतं, कच्चं तेल विरघळत नाही. नळीच्या तळाशी तेलाचा चांगला ठसठशीत थेंब बसला. म्हणजे धुण्यात काही चुकलंच नव्हतं, क्रियाच अर्धवट होती. अर्धवट क्रियेतून जे मधले पदार्थ उरतात, एक किंवा दोन मेदाम्लं धरून राहिलेली ग्लिसरीनं, तीच आइस्क्रीममध्ये आणि पावात तेल-पाणी एकजीव ठेवायला घालतात. त्यात साबणाची भर. याहून भक्कम मठ्ठा कुणी मुद्दाम करायचा म्हटलं तरी जमणार नाही.

चूक कुठे झाली, ते हळदीने सांगितलं. तेलात सुटं आम्ल किती आहे ते मोजायला कॉस्टिकचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालतात आणि रंग कधी बदलतो ते पाहतात. प्रयोगशाळेत त्याला फिनॉल्फ्थॅलीन लागतं. आमच्याकडे संपलं होतं. पण साबण लावल्यावर हळदीचा डाग लाल होतो हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक असतं, कुंकू त्याच रसायनावर होतं. चिमूटभर हळद अल्कोहोलात कालवली आणि काम झालं. (इथले गोरे छंदिष्टही हळद वापरतात, हे कळल्यावर मला उगाचच अभिमान वाटला.) आम्ही मूळ तेल मोजलं होतं ते पिंपाच्या वरच्या थरातलं, आकडा आला होता २. तळातलं, रेस्टॉरंटच्या पाण्यासकट आलेलं तेल आता मोजलं तर आला ४. हिशेब करा. दर लिटरला मूळ साडेतीन ग्रॅम कॉस्टिक आणि वर हा आकडा, म्हणून आम्ही साडेपाच ग्रॅम घातलं. त्यातलं चार ग्रॅम आम्लाने खाऊन साबण केला, आणि क्रिया चालवायला उरलं दीडच. वर पिंपात पाणी. ब्रॅडशॉ आणि म्यूलींच्या तिन्ही अटी आम्ही एका फटक्यात मोडल्या होत्या.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, पण सरळ. मीठ घालून थर सोडवले, पाणी काढलं, तेल तापवून पूर्ण कोरडं केलं, थोडं मिथेनॉल आणि कॉस्टिक घेऊन क्रिया पुन्हा केली. ग्लिसरीन पुन्हा खाली बसलं. या वेळी बरणी हलवली तर दहा मिनिटांत दोन थर, मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. आधी बारीक फवाऱ्याने, मग ढवळून, असं तीनदा धुतलं.

आता जे सांगायचं ते फारसं भूषणावह नाही. धुण्याचं पाणी मी कुठे टाकत होतो? पहिल्या खेपेच्या दोन बादल्या मी रस्त्याकडेच्या गटारात ओतल्या होत्या. आपल्या सवयीने मला वाटलं, गटार ते गटार. इथे दोन असतात. घरातलं सांडपाणी शहराच्या प्रक्रिया केंद्रात जातं. हे केंद्र १९५६ पासून खाडीकाठी आहे, त्याची चारशेहून अधिक एकरांची तळी आहेत. एके काळी हे गाव फळं डबाबंद करणाऱ्या कॅनऱ्यांचं होतं. लिबी कॅनरीची फळांच्या डब्यासारखी रंगवलेली पाण्याची टाकी अजून उभी आहे. रस्त्यावरचं पावसाळी गटार मात्र कसलीही प्रक्रिया न होता थेट खाडीत जातं. जाळीशेजारी तसं लिहिलेलंही असतं. ते मी रोज फिरायला जाताना पाहत होतो आणि वाचत नव्हतो. मिथेनॉल, कॉस्टिक आणि साबणाचं ते पाणी मी बगळ्यांना पाठवलं होतं. त्यानंतरचं पाणी मी पिंपात साठवलं आणि घातक कचरा स्वीकारतात तिथे वेळ ठरवून नेऊन दिलं. तीन धुण्यांत जवळजवळ इंधनाइतकंच पाणी लागतं, तेव्हा या फेऱ्या मारताना पेट्रोल किती जळलं याचा हिशेब मी मुद्दामच ठेवला नाही.

छंद पुढे ओसरला. पाण्याऐवजी मॅग्नेशियम सिलिकेटची भुकटी किंवा रेझिन वापरून कोरडं 'धुणं' आलं. रेस्टॉरंटं जे तेल पूर्वी पैसे देऊन उचलायला लावत, त्याला भाव आला आणि चोऱ्याही होऊ लागल्या. आता तर बे एरियातल्या मार्टिनेझ आणि रोडिओच्या रिफायनऱ्याच असल्या तेलावर हायड्रोजनची क्रिया करून डिझेल काढतात. रोडिओने २०२४ मध्ये खनिज तेल घेणंच थांबवलं. त्या रीतीत ना मिथेनॉल, ना साबण.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर धावली, मग मोगली एरंडाची लाट आली आणि गेली, आणि २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरण तळणाचं वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करायची योजना राबवतं आहे. ते कारखान्यांनी करावं हेच बरं. घरी करावंसं वाटणाऱ्यांना एवढंच सांगतो, की २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं ज्याने गेली ते हेच मिथेनॉल. त्याची वाफही पोटात गेलेल्या थेंबासारखीच वाईट, आणि ज्वाला उजेडात दिसतही नाही.

व्हिनेगरवाल्या डब्यांचं सांगायचं राहिलं. डिसेंबर २००८ मधल्या एका थंडगार सकाळी मित्राची मर्सिडीज २८० हायवेवर धापा टाकत कडेला थांबली. फिल्टर उघडला तर आत मेणासारखा पांढरा चिखल. अर्धवट ग्लिसरीनं थंडीत अशीच गोठून बसतात. टो ट्रकवाल्याला त्याने दीडशे डॉलर दिले. पंपावर डिझेल तेव्हा तीन डॉलरांच्या खाली आलं होतं.