मंदीच्या आधी लिहिलेला आधार

मार्च 2020 मध्ये हैदराबादच्या बालानगर, जीडीमेटला, पटनचेरू या पट्ट्यांतले कारखाने थांबले, तेव्हा काम गेलेल्या विमाधारक कामगारासाठी एक तरतूद अस्तित्वात होती. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून सुरू होती. सरासरी रोजाच्या 25 टक्के भत्ता, फार तर 90 दिवस, तोही आयुष्यात एकदाच. ऑगस्ट 2020 मध्ये महामंडळाने भत्ता 50 टक्के केला आणि 90 ऐवजी 30 दिवसांनंतर थेट अर्ज करण्याची मुभा दिली. सवलत 24 मार्चपासून लागू धरली खरी, पण निर्णयाला पाच महिने लागले. घरभाडे पाच महिने थांबत नाही.

हा उशीर आपल्या कामगार कायद्यांत मुरलेला आहे. प्रा. बी. पी. अडारकर यांनी 1944 मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या वाटेने आलेल्या 1948 च्या कायद्यात आजारपण, बाळंतपण, कामावरची इजा यांना संरक्षण मिळाले, बेकारीला नाही. 1953 मध्ये कापडाचा माल पडून राहू लागला, गिरण्या पाळ्या बंद करू लागल्या, तेव्हा घाईने अध्यादेश निघाला आणि ले-ऑफ झालेल्याला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई ठरली. बदली कामगार त्यातूनही वगळला गेला. बंद कारखान्यातल्या विमाधारकाला बेकारी भत्ता मिळायला 2005 ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना यावी लागली.

वेगळी वाट दुष्काळाने दाखवली. 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात असलेला मराठवाडा 1972 च्या दुष्काळात होरपळला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच वर्षी महाराष्ट्रभर पसरली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता आणि खर्चासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर. पाऊस हुकला की मागणी वाढते, तसा खर्च वाढतो. पीक आले की दोन्ही आपोआप उतरतात. संकट मोजायला मंत्रालयाची बैठक लागत नाही, मजुराची मागणी पुरते.

अमेरिकेने 1970 च्या कायद्यात हेच तत्त्व विम्याला लावले: राज्यातला बेकारीचा दर ठरावीक रेषा ओलांडतो, तेव्हा भत्त्याची मुदत आपसूक वाढते.

आपल्याकडे ही रेषा आखणे अवघड नाही. महामंडळाकडे दरमहा वर्गणी जमा होते. कोणत्या जिल्ह्यात किती कामगारांची वर्गणी अचानक थांबली, हे त्याच्याच दप्तरात दिसते. सलग दोन महिने ती घसरली, तर त्या जिल्ह्यात भत्ता आणि मुदत वाढेल, असा नियम आजच लिहून ठेवावा. शेतमजुरासाठी जे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले, ते जीडीमेटल्याच्या कामगारालाही हक्क म्हणून मिळाले पाहिजे.